टोकेकर सरांची टीप

आमच्या ऑफिसात इटालियन कागद आता मशीन करतं. चहा यायच्या आत अख्खी फाइल इंग्रजीत होऊन समोर हजर. मग मी बसायचं, ते इंग्रजी वाचायचं, वाक्यं सरळ करायची आणि लंडनच्या एजन्सीला पाठवून द्यायचं. पगार त्याचाच मिळतो, तर तक्रार कुठल्या तोंडानं करू? पण पान सरकवता सरकवता माझी नजर तळाशी जाऊन थांबते. तिथे एक रेघ असायची आणि रेघेखाली बारीक अक्षरात टोकेकर सरांची टीप असायची. आता तिथे कोरी जागा असते आणि खरं सांगते, मला ती बघवत नाही.

इंदूरच्या मल्हारगंजात भांड्यांच्या दुकानावर आमचं भाषांतराचं ऑफिस. सर खिडकीजवळच्या टेबलावर बसायचे. खाली दिवसभर पत्रा ठोकणं चालू, गल्लीत दोन गाड्या समोरासमोर अडकलेल्या, त्यांचे हॉर्न, शिव्या, आणि वर हा माणूस इटलीतल्या कुठल्याशा कोर्टाचा निकाल ओठातल्या ओठात पुटपुटतोय. गळ्यापर्यंत बटणं लावलेला पूर्ण बाह्यांचा शर्ट, भर उन्हाळ्यातसुद्धा. हातात तांबडी पेन्सिल, तिला ब्लेडनं काढलेलं टोक. काम कंप्यूटरवर करायचे, पण तपासायला कागदच लागायचा. आणि डब्यात काही का असेना, वरणभात, खिचडी, दहीभात, त्यावर मूठभर सेव पडल्याशिवाय पहिला घास तोंडात जायचा नाही. एवढ्यापुरता माणूस पक्का इंदुरी.

इटालियन शिकले कुठे, हा प्रश्न नवीन आलेला प्रत्येक जण विचारायचा. उत्तर अगदीच साधं होतं. पीथमपूरला एका कारखान्यात ते खरेदी विभागात होते आणि कारखान्याचा भागीदार इटालियन होता. आधी मशीनची पुस्तकं समजून घ्यायला म्हणून शिकले. मग तिकडच्या इंजिनियर लोकांचे करारनामे आले, विमे आले, पुढे भागीदारांचं भांडण झालं आणि कोर्टाचे कागदच कागद आले. कारखाना बुडाला, सरांची भाषा मात्र तरली. इटलीला गेलात का कधी, असं विचारलं की म्हणायचे, "काम नाही पडलं." बस. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती मुलगी अनघा कॅनडात, आणि हे जुन्या इंदुरात दोन खोल्यांत एकटे.

त्यांचं एक वाक्य होतं. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवायचे आणि मग अधूनमधून आम्हा सगळ्यांना. "आपलं काही घालायचं नाही, त्यांचं काही गाळायचं नाही." मी इंग्रजी तपासायला बसायचे, मला वाटायचं एखादं लांबलचक वाक्य तोडावं, शोभेचं विशेषण काढून टाकावं. सर मान हलवायचे. विशेषण न्यायाधीशानं घातलंय, तुमच्या सोयीसाठी तो काढणार नाही, असं म्हणायचे. सगळ्यांना अहो-जाहो, अगदी झाडूवालीलासुद्धा, त्यामुळे रागावले तरी माणसाला चटकन कळायचं नाही. मला तर घरी पोचल्यावर कळायचं की आज आपल्याला झापलं.

अडचण व्हायची ती तिकडच्या कायद्यातल्या गोष्टी इंग्रजांच्या कायद्यात नसल्या की. मग सर काम बाजूला ठेवायचे, खाली उतरायचे आणि गोपाल भियाच्या टपरीवर कटिंग घेऊन उभे राहायचे. एकदा असाच एक प्रकार आला. म्हातारी माणसं घर विकतात, पण मरेपर्यंत राहण्याचा हक्क स्वतःकडे ठेवतात. घेणाऱ्याला सुरुवातीला मिळते ती नुसती कोरडी मालकी. सरांनी हे गोपाल भियाला हिंदीतून नीट समजावून सांगितलं. भियानं चहा गाळता गाळता ऐकून घेतलं आणि म्हणाला, "फिर तो खरीदने वाला रोज सुबे पूछने आयगा, दादाजी तबियत कैसी है." सर वर आले ते खुशीत. म्हणाले, या व्यवहाराची इतकी अचूक व्याख्या कुठल्याच कोशात नाही, पण टिपेत घालता येत नाही, काय करणार. तसं हसणं त्यांच्या तोंडावर मी फार वेळा नाही पाहिलं.

आणि मग पीनाबाई.

पीनाबाई इटलीतल्या कुठल्याशा डोंगराळ गावात राहायच्या. आडनाव मी कागदावर वाचलं होतं, पण सरांनी ते कधी तोंडातून काढलं नाही, व्यवसायाची शिस्त म्हणून. बाई म्हाताऱ्या, एकट्या, हिशेबबिशेब, बँक, औषधं झेपेनाशी झालेली. अशा माणसासाठी तिकडे कोर्ट एक जण नेमतं. तो त्यांची पेन्शन बघतो, घर बघतो आणि वर्षातून एकदा कोर्टाला अहवाल देतो. पीनाबाईंची मुलगी लहानपणीच बापाबरोबर इंग्लंडला गेलेली, तिकडेच वाढलेली, तिला इटालियन येत नव्हतं. म्हणून दर वर्षी तो अहवाल तिच्यासाठी इंग्रजीत व्हायचा, आणि लंडनच्या एजन्सीला इंदूर स्वस्त पडतं म्हणून तो आमच्याकडे यायचा. आई आणि मुलगी यांच्यामध्ये शब्द पोचवणारा माणूस एकच, तोही मल्हारगंजात सेव खात बसलेला.

या नेमलेल्या माणसाला इंग्रजीत काय म्हणायचं, यावरून पहिल्याच वर्षी सरांचं आणि आमच्या मालकांचं वाजलं. मालक मनीषजी, वयानं माझ्याहून लहान, माणूस वाईट नाही, पण घाईचा. ते म्हणाले गार्डियन लिहा, सगळ्यांना समजतं. सर म्हणाले, गार्डियन म्हटलं की बाईंचं तोंडच बंद झालं, मग ठरवणार दुसराच. इथे तसं नाही. जे काम कोर्टानं त्याच्याकडे दिलंय तेवढंच त्यानं करायचं, बाकी सगळ्यात बाईंचा शब्द चालतो. हा मालक नाही, पाठीशी उभा राहणारा आहे. शेवटी चार शब्दांचं एक लांबडं नाव केलं आणि खाली टीप दिली. मनीषजी कपाळाला हात लावून म्हणाले, "सर जी, आप वकील होते तो केस कभी खतम नहीं होता." सरांनी ती तारीफच समजली.

अहवाल होळीच्या सुमाराला यायचा. कोर्टाचा कागद, त्यात रस तो काय असणार? पेन्शन इतकी, खर्च इतका, छपराची दुरुस्ती केली, गुडघ्याला पट्टा आणला, अंजिराचं झाड भिंतीवर झुकलं होतं ते बाईंच्या संमतीनं छाटलं. पण सर ते वाचून झालं की डबा खाताना आम्हाला सांगायचे, जणू शेजारच्या गल्लीतून आत्ता जाऊन आलेत. पीनाबाईंनी यंदा कोंबड्या देऊन टाकल्या. पीनाबाईंना नवीन डॉक्टर पसंत नाही. सुरुवातीला आम्ही हसायचो. पुढे मनीषजीसुद्धा होळीचा रंग निघायच्या आत विचारू लागले, "पीनाबाई का क्या हाल है, सर जी?"

अहवालाच्या शेवटी दर वर्षी एक ठरलेला परिच्छेद असायचा. बाई माणसं ओळखतात, दिवस-वार सांगतात, आपल्या मुलीची चौकशी करतात, ती कधी येणार असं विचारतात. तो नेमलेला माणूस बहुधा मागच्या वर्षीचा कागद काढून आकडे बदलत असावा, कारण शब्द अगदी तेच असायचे. मी तर न वाचताच पुढे जायचे. भाषांतर जुळवायला सरही जुनं उचलू शकले असते. पण ते दर वर्षी तो परिच्छेद नव्यानं वाचून नव्यानं लिहायचे.

एका वर्षी अहवाल आला आणि सर दोन दिवस गप्प. डबा खाल्ला, पण पीनाबाईंचं अवाक्षर नाही. मला वाटलं, गेली बिचारी. विचारलं तर म्हणाले, नाही, तब्येत बरी आहे. तिसऱ्या दिवशी त्यांनी फाइल माझ्याकडे तपासायला पाठवली. शेवटच्या पानाच्या तळाशी रेघ, आणि रेघेखाली टीप. कुठल्याही कायद्याच्या शब्दावर नव्हती. तिचा मतलब असा होता: मागच्या सर्व अहवालांत "आपल्या मुलीची चौकशी करतात, ती कधी येणार असं विचारतात" हे वाक्य होतं. या वर्षीच्या मूळ इटालियन कागदात ते नाही. ते भाषांतरात गळलेलं नाही.

मी ती टीप परत परत वाचली. मला इटालियन येत नाही, तरी मी मूळ कागद काढून शेवटचा परिच्छेद मागच्या वर्षीच्या परिच्छेदाशेजारी ठेवला. खरंच, एक ओळ कमी होती. बाकी शब्द जसेच्या तसे.

लंडनहून निरोप आला, टीप काढा. शब्दांवर टीप चालेल, असल्या गोष्टींवर नाही. मनीषजी सरांच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. म्हणाले, जे कागदात नाहीच त्यावर नोट कशी काय? सर म्हणाले, मी खाली सही करतो की भाषांतर पूर्ण आहे. उद्या मुलीनं दोन वर्षांचे कागद शेजारी ठेवले तर तिला वाटेल की ओळ मी खाल्ली.

"सर जी, कौन मिलाके देखता है?"

"कोणी नाही बघत," सर म्हणाले. "म्हणूनच टीप."

मनीषजींनी खूप समजावलं. एजन्सी नाराज होईल, काम जाईल, आणि इटालियन काम गेलं तर सरांना द्यायला दुसरं काम ऑफिसात नाही, हेही स्पष्ट सांगितलं. सरांचा सगळा दिवस या टेबलावर जायचा हे त्यांना माहीत होतं, मलाही माहीत होतं. रविवारी हा माणूस काय करत असेल, असा विचार माझ्या मनात अधूनमधून यायचा. सरांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, टीप काढायची असेल तर सहीही काढा. सही नसली तर तो कागद रद्दी, आणि दुसरा सही करणारा कुठून आणणार? मुदत डोक्यावर आली होती. कागद टिपेसकट गेला.

मला सरांचा राग आला होता, खोटं कशाला बोलू. कुठली कोण बाई, कुठलं कोण गाव, आणि हा माणूस तिच्यासाठी बसायची जागा घालवायला निघाला. आयुष्यभर आपलं काही घालायचं नाही म्हणणारा माणूस, आणि आता हे काय काढलं?

ते कळलं त्याच आठवड्यात, शनिवारी.

शनिवारी संध्याकाळी ऑफिस बंद व्हायच्या वेळेला अनघाचा फोन यायचा. तिकडे तेव्हा सकाळ. सर फोन घेऊन जिन्याजवळच्या खिडकीत जायचे, पण बोलायचे इतकं मोठ्यानं की सगळ्या ऑफिसला ऐकू यायचं. अर्थात एकच बाजू. हो, घेतली गोळी. हो, जेवलो. इकडे सगळं बढिया. थंडी किती आहे? आणि शेवटी हमखास, "कधी येतेस?" मग थोडं थांबायचं आणि म्हणायचं, बरोबर आहे, सुट्टी मिळायला पाहिजे. इतकी वर्षं आम्ही ते ऐकत होतो की आमच्या अकाउंटवाल्यानं त्यावर घड्याळ लावलं असतं. सरांचं "कधी येतेस" झालं की तो कंप्यूटर बंद करायचा.

त्या शनिवारी मी पर्स भरत होते. हो, घेतली गोळी. हो, जेवलो. सगळं बढिया. थंडी किती आहे? बरं, ठेवतो.

माझा हात पर्समध्येच राहिला. मी अकाउंटवाल्याकडे पाहिलं. तो केव्हाच कंप्यूटर बंद करून चपला घालत होता. म्हणजे आजची गोष्ट नव्हती. शेवटचं "कधी येतेस" मी कधी ऐकलं, हे आठवायला लागले आणि मला काही केल्या आठवेना. मागची दिवाळी? त्याच्या आधीची? समोर बसून ऐकत होते, रोजची माझी जागा तीच, आणि ते वाक्य कधी गळलं ते मला समजलंच नाही. कॅनडात तिला तरी समजलं असेल का? फोनवर कोण टीप घालणार?

सर खिडकीतून परत आले, पेन्सिल खिशात ठेवली आणि मला म्हणाले, "चला, उशीर झाला." मला त्यांच्याकडे बघवेना. इतकं एकटं माणूस मी दुसरं पाहिलं नाही, आणि मी त्यांच्याशी रोज बोलत होते.

मनीषजी म्हणाले होते तसंच झालं. इटालियन फाइली आधी कमी झाल्या, मग आल्या त्या मशीनकडे गेल्या, सही लंडनलाच व्हायला लागली. शेवटच्या दिवशी मनीषजी सगळ्यांसाठी गरम कचोऱ्या घेऊन आले आणि पुडा हातात धरून सरांच्या समोर नुसते उभे राहिले. सरांनीच त्यांची सुटका केली. म्हणाले, कचोरी थंड होते, खाऊन घ्या. मग टेबलाचा खण रिकामा केला, सेवेचा डबा पिशवीत घातला आणि जिना उतरून गेले. आता त्या टेबलावर प्रिंटर आहे.

मी मधून मधून त्यांच्या घरी जायचे. घर लख्ख, भांडी एका माणसाची, बोलायला विषय नाही. पीनाबाईंचं नाव दोघांपैकी कोणी काढायचं नाही.

पुढची होळी होऊन गेली, अहवाल आला नाही. उन्हाळा सरता सरता त्याच नावाची फाइल आली, वर लिहिलेलं, अंतिम अहवाल. मशीननं इंग्रजी करून दिलं. वाचत वाचत मी दुसऱ्या पानावर आले आणि तशीच उठले. मूळ आणि भाषांतर दोन्ही छापलं, पर्समध्ये कोंबलं, मनीषजींना सांगितलं की डोकं दुखतंय, आणि रिक्षा करून जुन्या इंदुरात गेले.

दार उघडल्या उघडल्या सरांनी माझ्या हातातले कागद ओळखले. बसा म्हणणं नाही, पाणी नाही. "हा कागद ऑफिसच्या बाहेर आणायचा नसतो, वैशाली," म्हणाले. मी म्हटलं, बरं, तुम्ही वाचू नका, मी सांगते. पीनाबाई गेल्या. वसंतात गेल्या, घरीच.

सर खुर्चीवर बसले.

मग मी पुढचं सांगितलं. मागच्या पावसाळ्यानंतर मुलगी इंग्लंडहून आली आणि आईच्या घरीच राहायला लागली. कामाची बाई मग फक्त सकाळपुरती ठेवली. शेवटपर्यंत मुलगी तिथे होती.

 सरांनी हात पुढे केला. "मूळ दाखवा."

माझ्या इंग्रजीवर विश्वास नव्हता, मशीनच्या तर नव्हताच. इटालियन कागद त्यांनी डोळ्यांजवळ धरून वाचला, ओठातल्या ओठात, पूर्वी वाचायचे तसा. एका ओळीवर बोट ठेवून परत वाचली. मग खिशातून तांबडी पेन्सिल काढली, माझं इंग्रजी पुढे ओढलं आणि मशीननं जिथे जिथे गार्डियन लिहिलं होतं तिथे तिथे काट मारून ते लांबडं नाव लिहिलं. ते झाल्यावर म्हणाले, बाकी बरोबर आहे. आली होती.

मी म्हटलं, तुमच्या टिपेमुळे आली, सर.

"तसा पुरावा नाही," ते म्हणाले. माझ्या मनाला पुरावा लागत नाही, पण मी वाद घातला नाही. थोड्या वेळानं स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. इतके महिने काय बोलल्या असतील?

त्यांनी कागद नीट घडी घालून मला परत दिले, उद्या ऑफिसात नेऊन ठेवा म्हणाले. मी चपला घातल्या, दार ओढून घेतलं. जिन्याच्या दोन पायऱ्या उतरले असेन, तर आतून सरांचा आवाज आला, तोच, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा. शनिवार नव्हता. फोन अनघाचा आला नव्हता, त्यांनी लावला होता.

हो, मीच. नाही, नाही, तब्येत ठीक आहे. काही झालेलं नाही. झोपली होतीस का?

दार पूर्ण लागलं नव्हतं. फटीतून दिसत होतं, ते खिडकीकडे तोंड करून उभे होते, एका हातात फोन, दुसऱ्या हातात अजून ती पेन्सिल. मला आतून ऐकू आलं, "कधी येतेस?"

पलीकडचं काही ऐकू येत नव्हतं. नेहमीप्रमाणे ते थांबले. आता सुट्टीचं म्हणतील, बरोबर आहे म्हणतील, असं वाटून मी कठड्याला धरून उभी राहिले.

"हो, सुट्टीचं कळलं," सर म्हणाले. "पण मी वाट बघतोय. हे कधी सांगितलं नव्हतं, म्हणून सांगतोय."